सोळावा आकडा

१

सन दोन हजार पंचवीस, माघ पौर्णिमेचा दुसरा दिवस. थंडी होती, पण तिच्यातला जोर गेला होता. पाताळगंगेवर पहाटे धुकं धरायचं आणि आठ वाजता उठून जायचं. पलीकडच्या तीरावर सावर फुलली होती. अंगावर पान नाही, नुसती लाल फुलं. उत्तरेचा वारा पडत चालला होता आणि दुपारी खाडीकडून खारा वारा लागत होता. ऋतू बदलला की नदीला आधी कळतं. थंडीत तिचं पाणी काळं आणि मुकं असतं. माघ सरायला लागला की काठाचा गाळ उन्हानं फुटतो आणि त्यातून बारीक चरचर ऐकू येते. ती चरचर त्या दिवशी सुरू झाली होती.

आमचं गाव आपटा गावाच्या खालच्या अंगाला, जिथून नदीला भरतीचं खारं पाणी लागतं तिथं. नदी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध. बांधाला एक लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं आत घ्यायचं नाही, एवढंच त्या दाराचं काम. ते मी पन्नास वर्षं केलं. माझं नाव आनंदा. वय चौऱ्याहत्तर.

आता बांधाआड भात होत नाही. सगळ्यांनी जमिनी विकल्या, मीही विकली. शिमगा झाला की तिथं मुरमाचा भराव पडणार होता, बांधासकट. तरी ओहोटीला मी बांधावर जात होतो. मला कोणी नेमलं नव्हतं, म्हणून कोणी काढूही शकत नव्हतं.

बांधाला वैरी एकच, खेकडा. तो बीळ करतो, बिळातून पाणी झिरपतं आणि एक दिवस बांध फुटतो. फुटला की खांड गेली म्हणतात. म्हणून बीळ दिसलं की पेंढ्याचा बोळा कोंबायचा, वर चिखल थापायचा, टाचेनं दाबायचा.

त्या सकाळी तिसऱ्या वळणावर एक बीळ दिसलं. जुनी खांड गेली होती, बरोबर त्याच जागी. बीळ मोठं होतं, माझा दंड जाईल एवढं. मी ते बुजवलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी माझा बोळा बाहेर होता. बांधाच्या माथ्यावर, नीट ठेवलेला. शेजारी चिखलाचा एक गोळा, नारळाएवढा. ओला.

खेकडा माती बाहेर टाकतो ती वाटाण्याएवढी. तो नारळाएवढे गोळे वळत नाही.

२

मी आधी स्वतःवर संशय घेतला. डिसेंबरात खांदा कॉलनीत माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस वेगळं दिसेल. पण गोळा मी हातात घेतला होता. तो डोळ्यानं दिसतो तेवढाच नव्हता, त्याला वजन होतं.

मग वाटलं, कोणी टवाळकी करतं. मी बिळाभोवती राख पसरली. सकाळी राखेवर फक्त तुतवारी पाखराच्या पायांचे ठसे होते आणि दोन गोळे. तिसऱ्या दिवशी तीन. सगळे एका ओळीत.

चौथ्या दिवशी धुकं जास्त होतं. नदी दिसत नव्हती, तिचा आवाज तेवढा होता. मी बांधावर पालथा पडलो आणि बिळात हात घातला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. आतली माती उबदार होती. माघातली माती उबदार नसते. मी बोटांनी तळ शोधत होतो. तळ लागेना.

मग माझ्या तळव्यात कोणीतरी गोळा ठेवला.

पडला नाही, ठेवला. आधी वजन आलं. माझी बोटं मिटली तेव्हा खालचा आधार निघाला. देणारा थांबला होता, मी नीट धरेपर्यंत.

मी हात बाहेर काढला आणि उठून बसलो. गोळ्यावर एका बाजूला अंगठ्यानं दाबलेला खड्डा होता. मग मागच्या दिवसांचे गोळे पाहिले. ते सुकून तडकले होते, पण प्रत्येकावर तो खड्डा होता.

असा खड्डा करणारा माणूस मला माहीत होता. माझा धाकटा भाऊ, जगन. लहानपणापासून त्याची ती खोड. म्हणायचा, "आपला शिक्का नको?"

त्याचं नाव मी घरात बावीस वर्षं घेऊ दिलं नव्हतं.

३

खांड बुजवायची आमची एक रीत होती. सोळा घरं, घरटी एक माणूस, आणि उघाडीवाला धरून सतरा. चिखलाच्या खड्ड्यापासून खांडीपर्यंत ओळ लावायची. मागच्यानं गोळा द्यायचा, आपण घ्यायचा, पुढच्याला द्यायचा. घेताना मागं बघायचं नाही आणि देताना पुढं बघायचं नाही. हात आपोआप जातो. गोळा खाली टाकायचा नाही आणि जागा सोडायची नाही.

शेवटी खांडीच्या तोंडात पेंढ्याचा भारा बसवायचा आणि वरून माती लोटायची. त्याआधी उघाडीवाला बांधावरून ओरडतो, "आकडा." तो स्वतः एक बोलतो. मग प्रत्येकानं आपल्या जागेचा आकडा बोलायचा. सतरा पुरे झाले तरच माती. एक कमी पडला तर माती थांबते, मग शेत बुडालं तरी चालेल. ही रीत माझ्या बापानं घातलेली.

सन दोन हजार तीन, महाशिवरात्रीनंतरची अमावास्या. भर दुपारी उधाण येतं त्या दिवशी. तिसऱ्या वळणावर खांड गेली. बाराला आम्ही ओळ लावली. एक वाजता पाणी कमरेला आलं. शेवटी खाली दोघेच राहिले, सोळावा जगन आणि सतरावा कमलाकर. बाकीचे वर मातीशी आले होते. भाऱ्यामुळे मला खालचे दोघे दिसत नव्हते.

मी आकडा घेतला. पंधरापर्यंत वरून आले. खालून सोळा आला, मग सतरा. सोळाचा आवाज बसलेला वाटला. पाण्यात उभं राहून बसला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

माती लोटायला मी सांगितलं.

कमलाकर नदीच्या बाजूनं एकटा वर आला. "जगन कुठं हाय?" मी विचारलं.

"गेला. पलीकडं होडी चालली व्हती, तीत चढला. बोलला, दादाला सांग, आता उघाडीवर तूच बस."

आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. जगनला रसायनीला कंपनीत जायचं होतं. मी त्याला सगळ्यांसमोर मारलं होतं. त्यामुळे कमलाकरनं सांगितलेलं वाक्य मला खरं वाटलं. जगन असंच बोलला असता.

घरी येऊन मी त्याच्या बायकोला, वेणूला, सांगितलं, "पळाला तो. भित्रा निघाला." गावानं पुढं भर घातली. कोणी म्हणालं, मुंबईला बाई आहे. कोणी म्हणालं, वेणूतच काही कमी असेल. ती खाली मान घालून राहिली, माझ्याच घरात, मागच्या खोलीत.

खांडीच्या बरोबर मागं कमलाकरचं तळं होतं. जिताड्याचं. मासा तयार होता, शिमग्याला बाजारात जाणार होता. त्या पैशानं तो वर आला, पुढं जमिनीच्या व्यवहारात पडला.

हे सगळं मला बावीस वर्षं माहीत होतं. फक्त मी ते एका जागी ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

४

तो गोळा मी घरी आणला. का आणला, सांगता येणार नाही. ओसरीवर ठेवला आणि हातपाय धुवायला गेलो.

परत आलो तर वेणू त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. तिनं आपला अंगठा त्या खड्ड्यात ठेवला होता. खड्डा तिच्या अंगठ्याला मोठा होता.

"ह्यो कुठं मिळाला, दादा?"

"बांधावर."

"कंदी?"

"आज."

परसात आंब्याला मोहोर आला होता, त्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. तिचे केस सगळे पांढरे झालेले मला त्या दिवशी दिसले. कपाळावर कुंकू होतं, रोज असतं तसं, रुपयाएवढं.

"मी एक इचारू?"

"इचार."

"बावीस वर्सं मी ह्ये कुंकू लावते. बाया हसतात. तुमी त्यांना भित्रा बोललात, मी ऐकलं. पळाले असतील तर तसं सांगा. मेले असतील तर तसं सांगा. पन कुनाच्या नावानं लावते त्ये मला कळू दे."

मी धुतलेले हात पुन्हा पुसले.

"शिमग्यानंतर बांधावर भराव पडणार ना?" ती म्हणाली.

"हो."

"मंग तुमच्याकडं दिवस कमी हायेत," ती म्हणाली आणि उठून आत गेली. गोळा तिनं पदरात घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मी फावडं घेऊन गेलो. बांध खणून बघावा, असा विचार होता. फावडं वर उचललं आणि ते तसंच राहिलं. पन्नास वर्षं जो राखला, त्याच्यावर हात पडेना. आणि पोलिसांना काय सांगणार होतो? बिळातून चिखल मिळतो म्हणून?

खणून बघायची गरजही नव्हती. आत जो होता तो मला बाहेर काढा म्हणत नव्हता. तो गोळे देत होता. म्हणजे त्याच्या लेखी काम अजून चालू होतं. आकडा पुरा झाला नव्हता. आणि गोळा मला देऊन उपयोग नव्हता. सोळाव्याचा गोळा सतराव्याकडे जातो.

५

कमलाकर करंजाड्याला राहतो. सहावा मजला. भरावाचं काम त्यानंच घेतलं होतं. दार त्याच्या सुनेनं, मनिषानं उघडलं. तो काचेच्या पेटीतल्या माशांना खायला घालत होता. बोटाएवढे रंगीत मासे.

"काय आनंदादादा, लिफ्टनं आलास का जिन्यानं?"

"जिन्यानं."

"अजून तसाच हायस. बस. मनिषा, चहा टाक. साखर जास्त टाक, मानूस कडू हाय."

तो स्वतःच हसला. मी बसलो नाही.

"जुन्या खांडीतून गळतंय," मी म्हटलं.

"गळू दे. महिन्याभरात मुरूम पडतोय. तू कशाला जीव काढतोस? पोकलेन आनून ठेवलाय मी तिथं. शिमगा झाला की काम चालू."

"कमलाकर, त्या दिवशी सोळा कोण बोललं?"

त्याचा हात पेटीवर थांबला. मासे वर तोंड करून जमले होते.

"बावीस वर्सं झाली."

"मी वर्सं नाय इचारली."

तो माझ्याकडे वळला. चेहरा शांत होता. "आकडा कोनी घेतला? तू. वर कोन व्हता? तू. माती लोटा कोन बोललं? मी तर खाली व्हतो, आनंदादादा. मला काय इचारतोस?"

त्यानं मला मारण्यासाठी बरोबर दगड निवडला होता. लागला. पण दुसरंही कळलं. जो माणूस खरं बोलतो तो म्हणाला असता, जगन बोलला.

चहा आला. मी घेतला नाही.

"गुरुवारी अमावास्या," मी म्हटलं. "दुपारी उधाण. पाणी किती चढतं ते तुझ्या डोळ्यांनी बघ. तुझं मशीन बांधाखाली हाय. बुडालं तर मला सांगू नको."

मशीन म्हटल्यावर तो विचारात पडला. "येतो," म्हणाला. "माझा पोरगा निकेश चारला येईल मशीनवाल्याला घेऊन. मी आधी येतो."

६

गुरुवार. धुकं धरलंच नाही. थंडी गेली ती त्या सकाळी गेली. नदीवर ऊन पसरलं होतं आणि काठावरचा पांगारा पेटल्यासारखा दिसत होता. बदकं उडून गेली होती. पाणी ओहोटीपासूनच अस्वस्थ होतं.

मी पेंढ्याचा एक भारा बांधून तिसऱ्या वळणावर ठेवला. फावडंही ठेवलं.

कमलाकर बाराला आला. एकटा, पांढरे बूट घालून. बांधाखाली त्याचा पिवळा पोकलेन उभा होता. भरती अर्ध्यावर आली होती. बिळातून पाण्याची करंगळीएवढी धार आतल्या बाजूला पडत होती.

"एवढंच? मला वाटलं, काय झालंय," तो म्हणाला. "खेकडा हाय."

"असंल."

मी त्याच्याकडे पाठ केली, खाली बसलो आणि बिळात हात घातला. जास्त वेळ थांबावं लागलं नाही. वजन तळव्यात आलं. मी हात बाहेर काढला आणि मागं न बघता गोळा उजवीकडे धरला.

कमलाकरनं तो घेतला.

त्यानं विचार केला नाही. खारजमिनीत राबलेल्या माणसाचा हात असा विचार करत नाही. गोळा आला, हात गेला. घेतल्यावर त्यानं पाहिलं. अंगठ्याचा खड्डा वरच्या बाजूला होता, त्यात पाणी चमकत होतं.

त्याला तो टाकता येईना. मी बघत होतो. गोळा टाकायचा नसतो, पुढं द्यायचा असतो, आणि त्याच्या पुढं कोणी नव्हतं. तो सतरावा होता.

तेवढ्यात धार मनगटाएवढी झाली. पाणी पोकलेनच्या पट्ट्याशी पोचलं. कमलाकरनं शिवी दिली, गुडघ्यावर बसला आणि तो गोळा बिळात कोंबला. कोपरापर्यंत हात घालून दाबला.

"बोळा दे," तो म्हणाला.

मी दिला नाही.

त्याचा चेहरा बदलला. "दादा, हात धरलाय."

"खेकडा असंल."

त्यानं ओढून पाहिलं. हात बाहेर येण्याऐवजी आत गेला, खांद्यापर्यंत. गाल मातीला लागला. पांढरे बूट चिखलात घसरत होते.

"त्याचा पाय अडकला व्हता," तो म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं. "भाऱ्याच्या खाली. पानी नाकाला आलेलं. काढायचा तर खांड मोकळी करावी लागली असती. मासा तयार व्हता, दादा. सगळा मासा नदीत गेला असता. मी बोललो सोळा. मीच बोललो. आता फावडं मार. बाजूनं बांध फोड."

"फोडला तर मशीन बुडंल."

"बुडू दे."

"तवा तळं बुडू द्यायचं व्हतं."

तो रडायला लागला. मी उठलो आणि बांधाच्या माथ्यावर उभा राहिलो, पूर्वी उभा राहायचो त्या जागी. पाणी काठोकाठ आलं होतं. नदी इतकी रुंद मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

"आकडा," मी ओरडलो.

"एक," मीच बोललो.

मधल्या चौदांपैकी नऊ मेले आहेत, बाकीचे पनवेलला फ्लॅटमध्ये असतात. त्यांच्यासाठी मी थांबलो तेवढाच वेळ थांबलो.

मग बांधातून आवाज आला, "सोळा."

तो बसलेला नव्हता. स्वच्छ होता, तिशीतल्या माणसाचा. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि तो माझा धाकटा भाऊ आहे, हे दोन्ही त्या आवाजात होतं.

बिळाभोवतीची माती पिठासारखी खाली बसली. आत जागा झाली. एका माणसाला पुरून उरेल एवढी. कमलाकर कमरेपर्यंत त्या जागेत उतरला, तोल गेल्यासारखा. त्याच्या खांद्यामागून एक हात आला. निळ्या गाळाचा, बोटं नीट दिसत होती. त्या हातानं कमलाकरच्या छातीपाशी चिखल थापला, अंगठ्यानं दाबला आणि पुन्हा आत गेला. घाई नव्हती. काम करणाऱ्याचा हात होता.

कमलाकरनं तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"कमळ्या, तुझा आकडा," मी म्हटलं.

आता त्याची धडपड थांबली होती. मग हळू आवाजात, शाळेत हजेरी देतात तसं म्हणाला, "सतरा."

आकडा पुरा झाला.

मी भारा बसवला. माती लोटली. या वेळी कोणाला सांगितलं नाही, माझ्या हातानं लोटली. टाचेनं दाबली. धार बंद झाली. पोकलेन कोरडा राहिला.

७

घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. वेणू ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"जगन पळाला नव्हता," मी म्हटलं. "मी तुला खोटं सांगितलं. तो खांडीतच व्हता. जागा सोडली नाय त्यानं."

तिनं सूप बाजूला ठेवलं. उठली, हंड्यातलं पाणी घेतलं आणि कपाळ धुतलं. दोनदा धुतलं. पदरानं पुसलं. मग पुन्हा येऊन बसली आणि सूप मांडीवर घेतलं.

"येवढी वर्सं येकटेच व्हते?" तिनं विचारलं.

"व्हता," मी म्हटलं. "आता नाय."